तिशीनंतरच्या चेहऱ्याला चार डब्या पुरतात

सनस्क्रीनची ५० ग्रॅमची ट्यूब तुमच्या घरात किती दिवस पुरते? सहा महिने पुरत असेल तर चेहऱ्याला ती मिळतच नाहीये. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून चाचणी घेतात. हे माप चेहरा आणि मानेवर आणायचं असेल तर तर्जनी आणि मधलं बोट यांवर, मुळापासून टोकापर्यंत, एकेक सलग रेघ काढावी लागते. ते जवळपास १ ग्रॅम भरतं. सकाळी एकदाच लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपते. दुपारी पुन्हा लावलं तर महिनाही पुरत नाही. हरभऱ्याएवढा थेंब घेऊन तो चेहराभर पसरवला तर डबीवर ५० लिहिलेलं असलं तरी संरक्षण त्याच्या कितीतरी खाली येतं, आणि मग "मी तर रोज लावते, तरी वांग वाढतोच" अशी तक्रार राहते.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: तिशीतल्या चेहऱ्यासाठी पैसे कुठे घालायचे असतील तर ते सनस्क्रीनवर घाला. बाकी तीन डब्या स्वस्तातल्या चालतात. एक सौम्य फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर आणि रात्रीचं एक औषधी क्रीम. सीरम, टोनर, मिस्ट, शीट मास्क हे सगळं नंतरचं. नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

तिशीत नेमकं काय बदलतं

विशीत त्वचेचा वरचा थर साधारण २८ दिवसांत नवा होतो. वय वाढतं तसा हा फेरा लांबत जातो. जुन्या पेशी पृष्ठभागावर जास्त दिवस टिकून राहतात, त्यामुळे चेहरा निस्तेज दिसतो आणि मुरमाचा डाग पूर्वी महिन्यात जायचा तो आता तीन-चार महिने रेंगाळतो. त्वचेला ताण देणारं कोलॅजनही पंचविशीनंतर दरवर्षी साधारण १ टक्क्याने कमी होतं. हसताना डोळ्यांच्या कडेला पडणारी रेघ हसू संपल्यावरही राहते, ती यामुळे.

याच वयात बाळंतपणं होतात, पाळी मागेपुढे होते, थायरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. गरोदरपणात गालाच्या हाडांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर वांग उठतो. हनुवटीवर आणि जबड्याच्या रेषेवर पाळीच्या आधी दुखऱ्या, आत रुतलेल्या पुळ्या येतात. हे मुरूम कॉलेजच्या वयातल्या मुरमांसारखे नसतात. त्वचा वरून कोरडी असते आणि आतून पुळी येत असते. कॉलेजात चालायचं ते चेहरा खरखरीत करणारं फेसवॉश आता म्हणून नुकसान करतं.

एक खूण मात्र क्रीमच्या पलीकडची आहे. मानेच्या मागे काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसू लागला तर तो मळ नव्हे. वजरीने घासून तो जात नाही, उलट आणखी जाड होतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुतेक वेळा खूण असते. अशा वेळी क्रीम शोधत बसण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या.

आधी पाण्याचं बोलू

मराठवाड्यात चेहऱ्याची कुठलीही गोष्ट बोअरच्या पाण्याला वळसा घालून करता येत नाही. बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, गिझरचं कॉइल पापुद्र्यांनी भरतं, साबणाला फेस येत नाही. हे क्षाराचं, जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तो चेहऱ्यावर राहतो. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते, गालांवर पांढरट खवले दिसतात, खाज सुटते.

त्यात साबणाचा स्वतःचा दोष. अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. आम्लता मोडली की त्वचेतली चरबी निघून जाते आणि ओलावा उडून जायला वाट मिळते. म्हणून तोंडाला अंगाचा साबण नको. बाजारात "सोप-फ्री" किंवा "जेंटल क्लेन्झर" म्हणून मिळणारी धुणी जड पाण्यातही साका करत नाहीत. मोठ्या वाटाण्याएवढं घ्या, ओल्या हातावर फेसाळून घ्या, अर्धा मिनिट बोटांनी फिरवा आणि धुवा. पाणी गार किंवा कोमट. परभणीच्या थंडीत कढत पाण्याचा मोह होतो, पण कढत पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते.

शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारा. अर्धा लिटर, म्हणजे एक तांब्या पुरतो. यातही एक चूक सर्रास होते. आरओ यंत्रातून बाजूला पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते तोंड धुवायला घेतलं जातं. ते पाणी बोअरच्या पाण्याहूनही क्षारयुक्त असतं. फरशी पुसायला वापरा, चेहऱ्याला नको. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. उकळल्याने काही क्षार खाली बसतात, सगळे नाहीत.

तोंड धुतल्यावर टॉवेलने टिपा, घासू नका. चेहरा दमट असतानाच, एक-दोन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. मार्च ते मे आणि पावसाळ्यात पातळ जेल किंवा लोशन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जाड क्रीम. लेबलवर ग्लिसरीन, सिरामाइड किंवा हायल्युरॉनिक ॲसिड यांपैकी काहीही असलं तरी चालतं. ग्लिसरीन असलेलं सव्वाशे-दीडशे रुपयांचं लोशन महागड्या डबीच्या तोडीस तोड काम करतं. सुगंध मात्र नसलेला बरा, कारण चेहऱ्याला सगळ्यात जास्त ॲलर्जी सुगंधाचीच होते.

उन्हाचा हिशेब

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धाराशिवपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकेका गावात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोब्बर डोक्यावर, किरणं सरळ खाली. तेव्हा उन्हाची भीती सगळ्यांनाच असते. खरं नुकसान होतं ते जेव्हा ऊन गोड वाटतं तेव्हा. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळं घर दिवसभर शिवारात असतं, कडब्याच्या कोपीपाशी पूजा होते, भज्जी आणि आंबिलाच्या पंगती बसतात. डिसेंबर-जानेवारीचं ते ऊन हवंहवंसं असतं. पण त्या दिवशीही भर दुपारी तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी आखूडच असते, आणि सावली उंचीपेक्षा आखूड म्हणजे अतिनील किरणं जोरात, हा ढोबळ नियम आहे. मोबाइलच्या हवामानात यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा आकडा, बघा. ३ किंवा त्याहून जास्त असेल तर सनस्क्रीन लागतं. आपल्याकडे वर्षाचे बाराही महिने दुपारी तो ३ च्या वरच असतो, स्वच्छ मे महिन्यात तर ११ च्या आसपास किंवा पुढे.

किरणं दोन तऱ्हेची. यूव्हीबीने चटका बसतो, कातडी भाजते. एसपीएफ हा आकडा मुख्यतः तिच्याबद्दल बोलतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे १०० च्या मागे धावण्यात अर्थ नाही, पुरेसं लावण्यात आहे. यूव्हीए चटका देत नाही, पण ती खोल जाते, कोलॅजन तोडते, वांग गडद करते. ती काचेतून येते, ढगातून येते. बसच्या खिडकीशी बसून रोज अप-डाउन करणाऱ्या शिक्षिकेचा खिडकीकडचा गाल जास्त काळवंडतो तो हिच्यामुळे. यूव्हीएसाठी डबीवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. तीन किंवा चार अधिकची चिन्हं असलेलं घ्या.

वांग असेल तर आणखी एक बारकावा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. तो अडवतात लोहाचे ऑक्साइड, जे त्वचेच्या रंगाच्या, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनमध्ये असतात. घटकांच्या यादीत "आयर्न ऑक्साइड" किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. अशी ट्यूब घेतली तर फाउंडेशनचीही गरज उरत नाही, आणि झिंक ऑक्साइडने येणारी राखाडी झाकही दिसत नाही. तिशीतल्या बाईने एकच महाग वस्तू घ्यायची असेल तर ती ही.

लावायचं असं. मॉइश्चरायझरनंतर पाच मिनिटं थांबा. दोन बोटांवरचं सनस्क्रीन दोन हप्त्यांत लावा, आधी एका बोटाचं, ते मुरलं की दुसऱ्याचं. एकदम लावलं की ते गोळ्या होऊन सुटतं. कान, भुवयांच्या वरचा भाग, नाकाचे कोपरे आणि मान हमखास राहून जातात. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी. दिवसभर बँकेत किंवा शाळेच्या खोलीत असाल तर दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा पुरे.

स्कार्फ बांधता, ते उत्तमच. स्कुटीवरून जाणाऱ्या आपल्या मुलींनी शोधलेलं ते खरं संरक्षण आहे. फक्त कापड उजेडासमोर धरून बघा. विणीतून उजेडाचे ठिपके आरपार दिसत असतील तर अतिनील किरणंही आरपार येतात. सुती, घट्ट विणीचं, गडद कापड बरं. स्कार्फ रोज धुवा. आठवडाभराचा घाम, धूळ आणि घर्षण यांनी गालांवर आणि हनुवटीवर पुळ्या उठतात. स्कार्फमधून डोळ्यांभोवतीचा भाग उघडा राहतो आणि वांगाची आवडती जागा, म्हणजे गालाचं हाड, तिथेच आहे. म्हणून स्कार्फच्या आत सनस्क्रीन लागतंच, आणि कापडाने ते पुसलं जातं हे धरून पोचल्यावर पुन्हा थोडं लावा.

सगळ्या डब्या उन्हाळ्यात कुठे ठेवता तेही बघा. त्या ३० अंशांच्या खाली ठेवायच्या असतात. पत्र्याच्या खोलीत आणि स्कुटीच्या डिक्कीत मे महिन्यात याच्या कितीतरी वर तापमान जातं. ट्यूब दाबल्यावर आधी पाणी आणि मग दाणेदार क्रीम आलं तर ती फुटली, टाकून द्या. माठाच्या तिवईखालची किंवा भिंतीतल्या कोनाड्याची थंड जागा बरी.

रात्रीची एक ट्यूब

सकाळचं काम राखण्याचं, रात्रीचं दुरुस्तीचं. सुरकुत्या, डाग आणि मुरूम या तिन्हींवर एकाच वेळी काम करणारा आणि दीर्घ अभ्यास झालेला गट म्हणजे रेटिनॉइड. अडापॅलीन ०.१ टक्के आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के ही औषधं आहेत, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्या. रेटिनॉल त्याच कुळातलं सौम्य भावंड, सौंदर्यप्रसाधनांत मिळतं. पेशींचा लांबलेला फेरा ही औषधं पुन्हा वेगात आणतात आणि कोलॅजन बनायला मदत करतात.

गरोदर असाल, किंवा राहण्याचा विचार असेल, तर रेटिनॉइड पूर्ण बंद. या काळात ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्के डॉक्टर देतात. वांग आणि मुरूम दोन्हींवर त्याचा उपयोग होतो.

सुरुवात कशी करायची तेच महत्त्वाचं, कारण बऱ्याच जणी इथेच चुकतात. तोंड धुवा आणि १०-१५ मिनिटं थांबा, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या त्वचेत औषध वेगाने शिरतं आणि जळजळतं. पूर्ण चेहऱ्याला मिळून एकच वाटाणा. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा. नाकपुड्यांचे कोपरे, ओठांच्या कडा आणि पापण्या इथे आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, म्हणजे तिथे औषध साचणार नाही. वर मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, औषध, पुन्हा मॉइश्चरायझर.

पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, समजा सोमवार आणि गुरुवार. दुसरा महिना एकाआड एक. सोसलं तर तिसऱ्या महिन्यात रोज. पहिल्या चार-सहा आठवड्यांत आतल्या पुळ्या वर येतात आणि मुरूम वाढल्यासारखे दिसतात, थोडे पापुद्रे निघतात. इथे घाबरून सोडू नका, आणि लवकर फरक पडावा म्हणून माप वाढवूही नका. वाढवलं की कातडी भाजते, आणि सावळ्या त्वचेत भाजलेल्या जागी महिनोन्महिने तपकिरी डाग राहतो. डाग घालवायला आणलेलं औषधच डाग देऊन जातं. फरक दिसायला १२ आठवडे धरा.

वॅक्सिंग, वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा ब्लीच करायचं असेल तर पाच ते सात दिवस आधी हे औषध थांबवा. नाहीतर दोऱ्याबरोबर वरची कातडीही निघते. पार्लरमध्ये गेल्यावर स्वतःहून सांगा, त्या विचारतीलच असं नाही.

व्हिटॅमिन सी हवंच असेल तर १० टक्क्यांचं, छोटी गडद बाटली, फ्रिजमध्ये. ते पिवळंधमक ते तपकिरी झालं की निकामी. आपल्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, म्हणून ते चारांत धरलेलं नाही. ४-५ टक्के निआसिनामाइड असलेलं मॉइश्चरायझर घेतलं तर डागांना तेवढाच हातभार लागतो.

ती बिननावाची डबी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिणं गरजेचं वाटलं ती. औषधाच्या दुकानातून "गोरं व्हायची ट्यूब" किंवा ओळखीच्या पार्लरमधून बिनलेबलची "नाइट क्रीम" आणली जाते. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात, पावणेरावळे विचारतात. मग तीच ट्यूब बहिणीला, जावेला, वयात आलेल्या मुलीला.

आत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन अशी नावं. इसब, सोरायसिससारख्या आजारांत डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात तेव्हा ती गुणकारी औषधं आहेत. चेहऱ्यावर रोज लावली की रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, रंग बनणं मंदावतं. म्हणून उजळपणा. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, गालावर लव वाढते, बारीक एकसारख्या पुळ्या उठतात, उन्हात आणि चुलीपाशी चेहरा भाजल्यासारखा होतो. ट्यूब सोडली की दोन-चार दिवसांत आग होऊन सगळं दुपटीने परत येतं. मग बाई पुन्हा ट्यूब लावते, कारण लावली की थंड वाटतं. चक्र इथे पक्कं होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या भाषेत याला चेहऱ्याचं स्टेरॉइडने झालेलं नुकसान असं स्वतंत्र नाव आहे, इतकं ते आपल्या देशात दिसतं. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी ती मागितल्यावर मिळतात.

ओळखायचं कसं? पाकिटावर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. घटकांत "सोन", "सोल" किंवा "लोन" असा शेवट असलेलं नाव दिसलं तर थांबा आणि विचारा. बिनलेबलच्या डबीत पाराही असू शकतो. पारा रंग बनणं रोखतो, पण त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडं खराब करतो. डबीवर बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक, यातलं काही नसेल तर ती डबी फुकट मिळाली तरी नको.

महिनोन्महिने अशी ट्यूब लावत असाल तर एका रात्रीत आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, मधल्या काळात आग शमवणारी औषधं देतात. काही महिने लागतात, पण बऱ्याच जणींचा चेहरा सावरतो.

घरगुती उपायांत लिंबू सगळ्यात वाईट. त्याचा सामू २ च्या जवळ, आणि साल-रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही नको. बेसन-दूध धुवायला ठीक, घासायला नको. मुलतानी मातीने कोरडी त्वचा आणखी फाटते. डोक्याला चप्प तेल लावून झोपण्याची सवय असेल तर कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग दिसेल. तेल धुण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको.

दहा मिनिटांचा मेकअप

सनस्क्रीन मुरायला दहा मिनिटं द्या, तेवढ्यात डबा भरून होतो. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असलं तरी ते सनस्क्रीनची जागा घेत नाही, कारण दोन बोटं फाउंडेशन कोणी लावत नाही.

टिंटेड सनस्क्रीन लावलं असेल तर पुढची पायरी थेट कन्सीलर. फक्त डागावर आणि डोळ्यांखाली, तांदळाच्या दाण्याएवढा, अनामिकेने थापटून. डोळ्यांखालची वर्तुळं आधी ओळखा. आरशासमोर उभं राहून समोरून मोबाइलची बॅटरी मारा. काळेपणा नाहीसा झाला तर ती खळग्याची सावली आहे, कन्सीलर जास्त थापल्याने फक्त थर दिसेल. तपकिरी राहिला तर तो रंग आहे. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर तो थेट फिक्या कन्सीलरने झाकला तर राखाडी दिसतो. आधी नारिंगी छटेच्या करेक्टरचा ठिपका, वर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. हाच क्रम, आणि दोन्ही मिळून दाण्याएवढेच.

शेड निवडताना मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या रेषेवर तीन शेडचे तीन पट्टे ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. संभाजीनगरच्या गुलमंडीत असा की लातूरच्या गंजगोलाईत, आतल्या ट्यूबलाइटखाली सगळं गोरं दिसतं. १५ मिनिटं थांबा, कारण हवेने आणि त्वचेच्या तेलाने रंग एक पायरी गडद होतो. मानेत मिसळून दिसेनासा झालेला पट्टा तुमचा.

पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीला, पफने दाबून. गालांवर तिशीनंतर पावडर बसली की रेघा उठून दिसतात. घाम आला तर आधी रुमालाने टिपा, मगच पावडर. ओल्यावर पावडर मारली की खपल्या होतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाच्या दिवशी पुरणाच्या आचेपाशी उभं राहायचं असेल तर चेहऱ्यावर सनस्क्रीन, काजळ आणि ओठांना रंग एवढंच ठेवा. फाउंडेशन त्या धगीत टिकत नाही. वांग असणाऱ्यांनी त्या धगीपासून चेहरा जमेल तितका लांब धरावा, उष्णतेनेही वांग गडद होतो.

काजळ खाली उतरतं ते डोळ्यांखालच्या तेलामुळे. डोळ्यांखाली पावडरचा हलका हात द्या आणि रेघ खालच्या पापणीऐवजी वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी ओढा. डोळे मोठे दिसतात, पसरणंही कमी होतं. सुरमा टाळा, त्यात शिसं सापडतं. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाका. बाकी वस्तूंवर उघड्या डबीचं चित्र आणि आकडा असतो. १२ म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा फेसवॉशने धुवून वाऱ्यावर वाळवा.

रात्री कितीही उशीर झाला तरी सगळं उतरवा. न निघणारं काजळ बोटभर खोबरेल तेलाने सुटतं. लगेच फेसवॉशने तेल धुवा, कारण खोबरेल राहिलं की मुरूम येणाऱ्यांची छिद्रं बुजतात. लग्नाआधी फेशियल किंवा ब्लीच सात ते दहा दिवस आधी करा. दोन दिवस आधी केलं आणि पुळ्या उठल्या तर बसायला वेळ राहत नाही.

टिकलीखालचा डाग

कपाळाच्या मधोमध खाज, मग काळसर किंवा पांढरा ठिपका. टिकली चिकटवणाऱ्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं, म्हणून पांढरा ठिपका पडतो. कुंकवात कृत्रिम रंग असेल तर काळा. दोन्हींत आधी खाज सुटू शकते, तेव्हाच थांबलं तर पुढचं टळू शकतं. टिकली काही महिने पूर्ण बंद ठेवा, दुसऱ्या जागी सरकवून लावू नका. कुंकू सोडायचं नसेल तर हळदीपासून बनवलेलं, आणि आजी लावायची तसं आधी मेण, मग कुंकू. मेणाचा थर त्वचा आणि रंग यांच्यामध्ये राहतो. काळी मेंदी आणि केसांच्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी असेल तर चेहऱ्याच्या कडेने काळवंडतं. डाय करण्याआधी ४८ तास कानामागे थेंब लावून बघा.

डॉक्टरकडे कधी जायचं? पांढरा ठिपका दिसला, तीन महिने नीट सनस्क्रीन लावूनही वांग वाढला, पुळ्यांचे खड्डे पडू लागले, हनुवटीवर जाड केस आले आणि पाळी लांबली, किंवा कुठलीही ट्यूब सोडता येत नसेल तर. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचेची ओपीडी आहे. दारावर "त्वचा व गुप्तरोग विभाग" अशी पाटी दिसते आणि ती वाचून पुष्कळ बायका मागे फिरतात. फिरू नका. वांग, मुरूम, टिकलीचा डाग, सगळं त्याच दारात बघतात. जाताना चेहऱ्याला आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, अगदी रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. तोंडी सांगताना राहून गेलेलं नाव त्या रिकाम्या ट्यूबवर सापडतं.